गावचं बंद घर चुलतभावाच्या गेमिंग टीमला बूटकॅम्पसाठी द्यावं का?

चाकरमानी_गुहागर

मंडळी जरा डोकं लावा, घरात यावरून पंधरा दिवस नुसता धुरळा उडालाय. आमचं गुहागर तालुक्यात जुनं घर आहे, चिऱ्याचं, पुढे पडवी मागे आगर, समुद्र चालत दहा मिनिटं. आजी गेल्यापासून बंदच असतं, गणपतीला आणि शिमग्याला पालखी यायची म्हणून उघडतो, एरवी किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि घर वाळवीकडे.

तर माझा चुलतभाऊ, वय २०, बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार, मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) खेळतो. टाइमपास नाही, टीम आहे त्यांची, तो आयजीएल आहे म्हणजे कुठे उतरायचं, गाडी कधी काढायची, कुठल्या कंपाउंडात घुसायचं हे मॅचमध्ये तोच बोलतो. चार खेळणारे, एक सबस्टिट्यूट, एक अ‍ॅनालिस्ट म्हणजे मॅचचा अभ्यास करणारा. आत्तापर्यंत सगळे आपापल्या घरून खेळायचे, कोण नागपूरला कोण साताऱ्याला. आता त्यांना जून ते सप्टेंबर एकत्र राहून प्रॅक्टिस करायचीय, त्यालाच बूटकॅम्प म्हणतात, नवी मुंबईत फ्लॅट घ्यायची ऐपत नाही, म्हणून डोळा आमच्या घरावर.

घराला तीन हिस्सेदार. माझे बाबा म्हणतात घर उघडं राहील, चूल पेटेल, देऊया. मधले काका म्हणतात मोबाईलवर खेळायला एका घरात कशाला राहायला पाहिजे, मोबाईलचा उपयोगच तो ना. (खरं सांगायचं तर मलाही याचं उत्तर देता आलं नाही.) धाकटे काका डोंबिवलीला, ते म्हणतात हा सगळा जुगार आहे आणि सरकारने बंद केलाय. आणि तिघांचं एकमत एकाच गोष्टीवर, चतुर्थीला घर मोकळं पाहिजे.

एकत्र राहून खरंच फरक पडतो का, पावसात आपल्याकडे लाइट-नेटचं काय, आणि कागद काय करायचे, कोणाला अनुभव असेल तर लिहा. पोरांपैकी एक १७ वर्षांचा आहे हेही सांगून ठेवतो.

चौथा_प्लेयर

मी राहिलोय अशा घरात, २०२२ ला, नवी मुंबईत, टीमचं नाव घेत नाही. मूळचा संगमेश्वरचा.

तुमच्या काकांना आधी सांगा फरक पडतो. घरून खेळताना चौघं माइकवर बोलतात खरं पण एकाची आई हाक मारते, एकाकडे पाहुणे, एकाचं नेट गेलं, स्क्रिम्सची (दुसऱ्या टीमशी सरावाच्या मॅचची) रूम लागली की आयडी-पासवर्ड येतो आणि चौथा गडी जेवतोय. एका रूममध्ये सोळा टीम म्हणजे ६४ जण वाट बघतात, तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. एकत्र असलं की मॅच संपल्या संपल्या तिथल्या तिथे रेकॉर्डिंग लावून बघता येतं की झोन (गेममधली सुरक्षित हद्द) सरकला तेव्हा आपण त्या टेकडीवर दोन मिनिटं जास्त का बसलो. फोनवर हीच गोष्ट बोलायला गेलं की भांडण होतं, समोर बसून बोललं की निम्म्या वेळा हसण्यावारी जाते. आणि काही दिवसांनी बोलावंच लागत नाही, शेजारच्याने श्वास कसा घेतला त्यावरून कळतं की त्याला माणूस दिसलाय.

आता दुसरी बाजू. आम्ही तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अकरा जण होतो, दोन टीम आणि एडिटर वगैरे. पलंगावर बसून खेळायचं, त्याच पलंगावर झोपायचं, तिथेच चार्जर, तिथेच काल रात्रीची बिर्याणीची पेटी. पहाटे चारला झोप, दुपारी एकला उठ कारण दोनला स्क्रिम. सात महिन्यांत मी सकाळचं ऊन पाच-सहा वेळा बघितलं असेल. हरलेल्या दिवशी जेवताना कोणी बोलायचं नाही, आणि ज्याच्यामुळे हरलो तोच रात्री शेजारच्या गादीवर. सुटकाच नाही हो, ऑफिसात बॉसशी वाजलं तर माणूस घरी जातो, इथे घर तेच ऑफिस तेच.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकाला रात्री साडेअकराला सांगितलं की उद्यापासून तू टीममध्ये नाहीस. तो सावंतवाडीकडचा. टीममध्ये नाही म्हणजे घरातही नाही. सकाळी मी त्याला पनवेल स्टँडवर सोडायला गेलो, एक सॅक आणि टीमने दिलेली जर्सी त्याने प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी धरलेली, परत द्यायची की ठेवायची ते कोणी सांगितलंच नव्हतं. एसटी लागेपर्यंत त्याच्या हातात तीच पिशवी.

मग २८ जुलैला गेमच स्टोअरवरून उडाला. ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा चालत होता पण स्पर्धा थांबल्यावर टीम तरी काय करणार, आमचं घर महिन्याभरात रिकामं झालं. गेम परत आला २०२३ च्या मे अखेर, तोवर मी रत्नागिरीत मोबाईलच्या दुकानात लागलो होतो, अजून तिथेच आहे. तक्रार नाही.

म्हणून भावाला विचारा, एखाद्याला मध्येच काढलं तर तो गुहागरातून त्याच रात्री कुठे जाणार. हे आधी ठरवा, कॅरम आणि गाद्यांचं नंतर.

ब्रूडवॉर_अण्णा

काकांच्या प्रश्नाला उत्तर कोल्हापूरच्या तालमीत आहे. कुस्ती काय घरी करता येत नाही का, तरी मल्ल तालमीत राहतात ना, एकत्र मेहनत, एकत्र खुराक, वस्तादाच्या नजरेखाली झोप. तसंच हे.

पद्धत आली कोरियातून. तिथे २००० च्या आसपास स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमचं वेड एवढं की मॅच टीव्हीवर लागायच्या, मोठ्या कंपन्या टीम पाळायच्या, २००४ ला एसके टेलिकॉमने लिम यो-ह्वान नावाच्या स्टार खेळाडूची टीम घेऊन टी१ काढली, आज लीग ऑफ लेजंड्स या गेमचा स्टार फेकर खेळतो ती हीच टी१. पोरं एका अपार्टमेंटमध्ये दोनमजली पलंगांवर झोपायची आणि दिवसाचे दहा-बारा तास खेळायची. पुढे त्यांनाच कळलं की झोपायची जागा आणि खेळायची जागा एक असली की पोरगं लवकर संपतं, म्हणून बऱ्याच मोठ्या टीमनी प्रॅक्टिसचं ऑफिस वेगळं केलं आणि राहायचं वेगळं. अमेरिकेत टीम लिक्विडने २०१८ ला लॉस एंजेलिसमध्ये ट्रेनिंगची जागाच वेगळी उभारली. तुमच्याकडे पडवी आहे, माजघर आहे, खोल्या आहेत, म्हणजे ही सोय आयती आहे, पडवीत खेळा आणि आत झोपा, आत फोन नाही.

पण वस्ताद कोण? अ‍ॅनालिस्ट म्हणजे वस्ताद नव्हे, तोही बावीस वर्षांचाच असणार.

चाकरमानी_गुहागर

एकवीस :)

पडवीत_राउटर

नेटबद्दल लिहितो, चिपळूणला हेच काम करतो. पहिली गोष्ट, स्पीडच्या मागे लागू नका. गेम डेटा फार खात नाही, पाच फोन मिळून सुद्धा नाही, १०० एमबीपीएसचा प्लॅन पुरून उरेल. बघायचं असतं पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, स्थिर आहे का. ४० वर राहिला तर मजा, ४० चा मध्येच १८० झाला की तुम्ही भिंतीआड आहात असं तुम्हाला दिसतं आणि समोरच्याला तुम्ही अजून उघड्यावरच दिसता.

दुसरी गोष्ट तुमच्या भिंती. चिऱ्याची दीड-दोन फुटी भिंत वायफायची वाट लावते, त्यात पावसात चिरा ओला. माजघरात राउटर ठेवून पडवीत पाच गिगाहर्ट्झ (वायफायचा वेगवान पण कमी पल्ल्याचा सिग्नल) मिळेल ही आशा सोडा. सरळ केबल ओढा, दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) पडवीत लावा, जमलं तर फोनला अ‍ॅडॅप्टर लावून केबलच द्या.

लाइट. जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी तारेवर पडली की आपल्याकडे किती वेळ जातो तुम्हालाच माहिती. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, ३ जून २०२०, दापोलीकडे काही गावांत लाइट आठवडेच्या आठवडे नव्हती, ते टोक झालं पण दोन-चार तास हे नेहमीचं धरा. घराला इन्व्हर्टर, आणि राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. फायबरचा जो डबा घरात असतो त्यालाही करंट लागतो हे लोक विसरतात आणि मग इन्व्हर्टर चालू, पंखा चालू, नेट बंद. आणि तुमच्याकडे सगळं चालू असूनही गावातल्या ज्या ठिकाणाहून लाइन येते तिथलीच बॅटरी बसली तर काही करू शकत नाही, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची फाइव्हजी सिम ठेवा. आधी घराच्या कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते बघून या, आमच्याकडे एका घरात फक्त न्हाणीघरात येते.

दमट हवा हा वेगळाच विषय. फोन तापला की फ्रेम पडतात म्हणजे चित्र अडखळतं, घामाने अंगठा स्क्रीनवर सरकत नाही, पोरं बोटांना स्लीव्ह घालतात आणि वर टाल्कम पावडर चोपडतात. फोनला मागून लावायचे छोटे पंखे घ्या. खोलीत एसी लावणार असाल तर खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते, आणि घरगुती इन्व्हर्टरवर तो चालणार नाही ते वेगळंच.

देवगडवाला

येवा, कोकण आपलोच असा! पण घाटावरल्या पोरांका सांगून ठेवा, जून-जुलै मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत ताजी मासळी इसरा. सुके बोंबील खातत की पळून जातत बघूया.

आई_देवरुख

माझा मुलगा खेळतो म्हणून लिहिते, आधी मीही फोन फोडायला निघाले होते.

जेवणाचं हसण्यावारी नेऊ नका. सहा तरुण मुलं म्हणजे दोन वेळचा भात-आमटी, चपात्या, अंडी, सकाळी पेज नाहीतर पोहे. ऑर्डर करून खायला गुहागर म्हणजे काही खारघर नाही हे एक बरं. शेजारच्या काकूंना विचारा, पण फुकटात नको, महिन्याचा पगार ठरवा आणि त्यांच्याच हातात घड्याळ द्या. रात्री साडेनऊला ताट वाढलं जाईल, मॅच चालू असली तर गार खा. माझ्याकडे तरी याच नियमाने पोरगं सुधारलं, उपदेशाने नाही.

आणि सतरा वर्षांचा मुलगा. त्याच्या आईवडिलांशी तुमच्या घरातलं कोणी मोठं माणूस बोललंय का? पोरांनी पोरांना सांगितलेलं धरू नका. अठराच्या आतल्यांना बीजीएमआयमध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, वर पालकांची परवानगी लागते. मग टीमची दहा तास प्रॅक्टिस तो कशी करतो? कोणाच्या तरी नावाचं अकाउंट वापरतोय, एवढाच अर्थ. त्याची बारावी आहे का तेही बघा हो.

कागदवाला

थोडक्यात. धाकट्या काकांचा मुद्दा अर्धा बरोबर. २०२५ च्या ऑगस्टमधला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतो, ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडीओ गेम) त्यातून वेगळं काढलंय, आणि डिसेंबर २०२२ पासून ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आहे. स्पर्धेची प्रवेश फी चालते, पैज नाही. तेव्हा पडवीत बसून कोणी दुसऱ्या गेमवर पैसे लावत नाही ना एवढं बघा, कारण पोलीस आले तर दार तुमचं.

घर सामाईक आहे तर तिन्ही हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, नुसतं "दादा हो म्हणाला" चालत नाही, पुढे याच घरावरून भाऊबंदकी होते. लिव्ह अँड लायसन्सचा करार करा, घरातला मुलगा असला तरी बाकीचे पाच परके आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्या. करार अठरा पूर्ण असलेल्याच्याच नावाने, अल्पवयीन मुलाने केलेला करार १८७२ च्या कायद्याने मुळात करारच नाही. त्याच मुलाने टीमबरोबर काही सही केली असेल तर तोही कागद रद्दी.

चाकरमानी_गुहागर

सगळ्यांचे आभार, काल रात्री तिन्ही भावांचा व्हिडीओ कॉल झाला आणि मी हा धागाच वाचून दाखवला. तालमीचं ऐकून मधले काका गप्प झाले, ते स्वतः कॉलेजात असताना कबड्डी संघाबरोबर महिनाभर शाळेच्या वर्गात राहिले होते हे आम्हाला कालच कळलं.

पनवेल स्टँडवालं वाचून चुलतभावाला फोन केला. विचारलं, कोणाला काढलंत तर? तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला दोघांचं चालू आहे डोक्यात, अजून त्यांना सांगितलेलं नाही. म्हणजे बघा, घर मिळायच्या आधीच. शेवटी ठरलं असं की कोणाला काढलं तरी तो पंधरा दिवस घरात राहणार, जेवणार, आणि चिपळूणपर्यंतचं आणि पुढच्या रेल्वेचं तिकीट टीम काढणार. हे करारात बसतं का नाही माहीत नाही, पण बाबांनी वहीत लिहून घेतलंय आणि त्याची सही घेणार आहेत.

सतरा वर्षांवाला सध्या नाही. काका त्याच्या वडिलांशी बोलले, त्यांना यातलं काहीच माहिती नव्हतं. अठरा झाल्यावर बघू.

वस्ताद म्हणून बाबा स्वतः जून-जुलै गावाला जातायत, रिटायर झाल्यापासून निमित्तच शोधत होते. चतुर्थीच्या आठ दिवस आधी घर मोकळं, हे पक्कं. फक्त आई म्हणते मोकळं कशाला, गणपतीला माणसं कमीच पडतात, मखर करायला आणि आरतीला झांजा धरायला राहू देत दोघं-तिघं. त्यावर पुन्हा कॉल आहे रविवारी.

पडवीत_राउटर भाऊ, शनिवारी गुहागरला येतोय, तुम्हाला मेसेज केलाय. न्हाणीघरातली रेंज बघूनच पुढचं ठरवू.