गोखले किती?

कुणीतरी म्हटलंय की नावाजलेले गोखले म्हणजे एक नामदार गोपाळ कृष्ण आणि दुसरे नट विक्रम, संपली यादी. अहो संपते कसली, आत्ता कुठे सुरू होतेय!

विक्रम गोखल्यांच्याच घरात बघा ना, आजी कमलाबाई, 1913 साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये स्वतःच्या आईबरोबर, म्हणजे दुर्गाबाई कामतांबरोबर काम केलं, तेही बायकांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहणं लाजिरवाणं समजायचे त्या काळात. मग मुलगा चंद्रकांत, मग नातू विक्रम. आणि बापू गोखले कसे काय विसरलात? पेशव्यांचे सेनापती, 1818 ला आष्टीच्या लढाईत पडले.

विजय गोखले तर दोन आहेत, एक आपले विनोदी नट आणि दुसरे परराष्ट्र सचिव होते ते. डोकलामच्या भारत-चीन तणावाच्या वेळी दुसरे चीनमध्ये राजदूत होते, तेव्हा बातम्यांत नाव ऐकून आमच्याकडे सगळ्यांना आधी पहिलेच आठवले :ड

नामदारांच्या नावावर तर काय काय आहे, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, दादरला गोखले रोड, ठाण्यात परत गोखले रोड (रिक्षावाल्याला नुसतं 'गोखले रोड' सांगितलं की पुरे). आणि अंधेरीचा गोखले पूल! 2018 ला पादचारी भाग रुळांवर कोसळला, 2022 ला पूल बंद, नवा बांधला तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीच जुळेना, मग बर्फीवाला पूलच जॅक लावून वर उचलावा लागला. इतका मवाळ माणूस आणि नशिबी हा पूल.

गोखलेनगरवाले कुणी असतील इथे तर भर घाला.