३४ व्या आठवड्यात बाळ पायाळू: वळण्यासाठी काय करावे?

प्रश्न: सोनोग्राफीत बाळाचे डोके वर असल्याचे दिसले. सुईणीकडून पोट चोळून बाळ फिरवून घ्यावे, असे सासूबाई म्हणतात. त्यांची काळजी मला समजते, पण भीती वाटते. घरी काही करता येईल का?

प्रतिसाद १: ताई, पोट मुळीच चोळून घेऊ नका, वार (बाळाला पोषण देणारी, गर्भाशयाला चिकटलेली प्लासेंटा) कुठे आहे हे न पाहता दिलेल्या दाबाने ती सुटू शकते. अजून अनेक बाळे आपणहून वळतात आणि दिवस पूर्ण भरताना शंभरात ३ ते ४ बाळेच पायाळू राहतात.

प्रतिसाद २: गुडघे व छाती टेकून करायच्या आसनाने बाळ वळते, याला भरवशाचा पुरावा नाही. खरा उपाय म्हणजे ३६-३७ आठवड्यांनंतर रुग्णालयात डॉक्टरांनी पोटावरून हाताने बाळ वळवणे. त्याआधी सोनोग्राफी करतात, गर्भाशय सैल होण्यासाठी बहुधा औषध देतात, बाळाचे ठोके आधी आणि नंतर तपासतात, आणि गरज पडलीच तर तातडीच्या सिझेरियनची सोय हाताशी ठेवतात. साधारण निम्म्या वेळा यश येते. पहिलटकरणीत थोडे कमी. वार खाली असल्यास हे करत नाहीत. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून ते देतात) अवश्य विचारा.

प्रतिसाद ३: एक कळकळीची विनंती: बाळ पायाळू असताना पाणी गेले, तर कळांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा, कारण अशा वेळी नाळ खाली सरकण्याचा धोका जास्त असतो.