मदत हवी आहे : पॉलिमरवरची सूक्ष्म नक्षी पावसाळ्यात आपोआप पुसट होते, कारण दमटपणा की सुटणारा ताण?

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी शेप मेमरी पॉलियुरेथेनच्या (तापवल्यावर मूळ आकारात परतणाऱ्या प्लास्टिकच्या) पातळ फिल्मवर सूक्ष्म नक्षी उमटवून ती उष्णतेने कशी नाहीशी होते याचा अभ्यास करीत आहे. आमची प्रयोगशाळा गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आहे. अडचणीशी तिथल्या हवेचा संबंध असावा, म्हणून ठिकाण आधीच सांगितले.

सीडीच्या खाचांवर पीडीएमएस (एक सिलिकॉन रबर) ओतून साचा केला आहे. सपाट फिल्म ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर साचा दाबतो, दाब तसाच ठेवून ती थंड होऊ देतो आणि मग साचा सोडवतो. माहितीपत्रकात या पॉलिमरचे ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ पडते ते) ५५ अंश दिलेले आहे. फिल्मचा मूळ आकार सपाट असल्याने ती पुन्हा ७० अंशांवर नेली की खाचा भरून येतात. खाचांची खोली थेट मोजणारा अणुबल सूक्ष्मदर्शक हाताशी नाही, त्यामुळे ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर फिल्ममधून सरळ पाठवून विवर्तनाच्या (खाचांमुळे प्रकाश ठरावीक कोनांत फाकण्याच्या) पहिल्या क्रमाच्या ठिपक्याची तीव्रता फोटोडायोडने मोजतो. १.६ मायक्रोमीटर अंतराच्या खाचांसाठी हा ठिपका सुमारे २४ अंशांवर यायला हवा आणि तो तिथेच येतो.

एप्रिल-मे महिन्यांत टेबलावर उघडे ठेवलेले नमुने शाबूत राहिले. पाऊस लागल्यापासून मात्र, खोलीचे तापमान उन्हाळ्यापेक्षा कमी असूनही, न तापवताच ठिपका मंदावत जातो. त्याचा कोन बदलत नाही; म्हणजे फिल्म आडवी आक्रसत नसून खाचांची खोली कमी होत आहे, असा मी अर्थ लावतो.

पॉलियुरेथेनमधील एन-एच आणि कार्बोनिल गटांमधले हायड्रोजन बंध पाण्यामुळे सैल होऊन ग्लास ट्रान्झिशन तापमान खाली येते, हे माहीत आहे, आणि ज्या हवेत बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तिथे फिल्मनेही ते ओढले तर नवल नाही. आमच्या मार्गदर्शक सरांना हे पटत नाही. जूनपासूनची फिल्म नव्या रोलची आहे, तिच्यात थंड होताना नीट न गोठलेला ताण हळूहळू सुटत असेल आणि पाऊस हा योगायोग असेल, असे त्यांचे म्हणणे आहे. ही दोन कारणे वेगळी कशी करावीत? तुलनेसाठी पॉलिस्टायरीन घ्यावे का? डीएससीसाठी (तापवताना नमुना किती उष्णता शोषतो हे मोजणाऱ्या चाचणीसाठी) दुसऱ्या संस्थेत नंबर लावावा लागतो, तेव्हा तिथे नेमके काय मोजून घ्यावे?

प्रतिसाद :

पॉलिस्टायरीन घेऊ नका. ते पाणी फारसे शोषत नाही हे खरे, पण त्याचे ग्लास ट्रान्झिशन तापमान १०० अंशांच्या आसपास असल्यामुळे त्यावरची नक्षी टिकली तरी ती कोरडेपणामुळे टिकली की कडकपणामुळे, हे कळणार नाही. त्यापेक्षा नव्या रोलच्या एकाच नक्षीदार फिल्मचे दोन तुकडे करा. एक सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात ठेवा आणि दुसरा साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर, द्रावणाला न लागता, दुसऱ्या बंद डब्यात ठेवा. तिथली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. दोन्ही डबे शेजारी ठेवून तापमान सारखे राखा. कोरड्या डब्यातली नक्षीही तितक्याच वेगाने मंदावली तर सरांचे म्हणणे खरे. जुन्या रोलचा तुकडा शिल्लक असेल तर त्याच्यावरही हेच करा, म्हणजे रोलचा प्रश्नही सुटेल.

डीएससीला दमट तुकडा घट्ट बंद होणाऱ्या पॅनमध्ये न्या. उघड्या पॅनमध्ये पाणी तापतानाच निघून जाते आणि त्याचा शोषलेला उष्मा नेमका हवा तो भाग झाकून टाकतो. त्याच फिल्मचा चांगला सुकवलेला तुकडाही सोबत द्या. माहितीपत्रकातले ५५ अंश कोणत्या पद्धतीने मोजलेले आहेत, हेही पुरवठादाराला विचारा. तो आकडा टॅन डेल्टाच्या (फिल्मला कंपने देऊन मोजलेल्या ऊर्जाक्षयाच्या) शिखराचा असेल, तर फिल्म त्याच्या बऱ्याच अलीकडे मऊ पडू लागलेली असते आणि खोलीच्या तापमानापासूनचे अंतर आपण धरता त्याहून कमी भरते.