फ्रेंच गाणी परदेशात गाताना इंग्रजी करून गावीत का?

काळीपांढरी

नमस्कार. मी पश्चिम फ्रान्समधल्या नांत शहरात राहते आणि पाच जणांच्या एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. बाकीचे चौघे इथलेच. गाणी आमची स्वतःची, सगळी फ्रेंचमध्ये. आजवर इथला ब्रिटनी प्रांत आणि लुआर नदीकाठची गावं सोडून फारसे कुठे गेलो नाही. या उन्हाळ्यात पहिल्यांदा देशाबाहेरचं बोलावणं आलंय: आधी इंग्लंडमध्ये दोन छोटे क्लब, मग कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात एक महोत्सव.

बँडमध्ये इंग्रजी त्यातल्या त्यात माझं बरं, म्हणून चार गाण्यांचं इंग्रजी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीन आठवडे झाले, झटतेय. एक गाणं नांतच्या गोदीवरचं आहे. 1987 मध्ये इथली जहाजबांधणी बंद पडली, त्यानंतरही एक माणूस रोज सकाळी डबा घेऊन गोदीच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो, एवढंच त्यात आहे. फ्रेंचमध्ये ते ऐकताना मला अजून गलबलून येतं. माझं इंग्रजी गाऊन बघितलं की नुसती बातमी वाचल्यासारखं वाटतं.

ड्रमर म्हणतो, शब्दच कळले नाहीत तर लोक थांबतील कशाला? गायिका काहीच बोलत नाही, आणि तेच मला जास्त खुपतंय. कुणाला अनुभव असेल तर मनापासून सांगा.

मिक्सरमागचा

मी लियोंमध्ये असतो. चौदा वर्षं फ्रेंच बँडांबरोबर साउंडचं काम करतोय, त्यातली निम्मी तरी परदेश दौऱ्यांत गेली. मिक्सरवर बसणाऱ्याला स्टेज आणि लोक दोन्ही समोर दिसतात, म्हणून सांगतो: ती चार भाषांतरं बाजूला ठेवा. तुमचं इंग्रजी कमी पडतंय म्हणून नाही हो. चाल फ्रेंच शब्दांवर बांधलेली आहे, म्हणून.

एकच शब्द घ्या, ‘अमूर’. उच्चारात दोन अक्षरं, ‘अ-मूर’, वजन दुसऱ्यावर, आणि तो ‘ऊ’ गायिकेला हवा तितका ओढता येतो. त्या जागी ‘लव्ह’ टाकलं की एकच अक्षर, तेही ओठ-दातांशी बंद होणारं. सूर तिथेच मिटतो. दुसरं, फ्रेंचमध्ये बोलताना शब्दाच्या शेवटचा जो ‘अ’ गिळला जातो, त्याला गाताना पुष्कळदा स्वतंत्र सूर मिळतो. ‘शहर’ या अर्थाचा शब्द बोलताना ‘विल्’, गाताना ‘वि-ल’. ओळीच्या टोकाचं ते हलकं अक्षर म्हणजे गायिकेची श्वास सोडायची जागा. इंग्रजीत ती जागाच उरत नाही, मग तुम्ही तिथे एखादा भरतीचा शब्द कोंबता. गाणं पडतं ते तिथे.

हे मी इंग्लंडमध्ये लीड्सला डोळ्यांनी पाहिलंय. साठ-सत्तर माणसं, छोटा क्लब, बार खोलीच्या मागच्या भिंतीला. आमच्या गायकाने मोठ्या कष्टाने एक गाणं इंग्रजीत बसवलं होतं. दुसऱ्या कडव्यापाशी बारकडून ग्लासांचा आणि गप्पांचा आवाज माझ्या कानात चढायला लागला. मी त्याचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर नेला, तसे लोकही वरच्या पट्टीत बोलायला लागले. पुढचं गाणं फ्रेंच होतं, तेही संथ. पहिल्या चार ओळींत खोली शांत झाली. मला फेडर पुन्हा खाली घ्यावा लागला. त्या रात्री मला पटलं की ओळखीची भाषा अर्धवट कानावर पडली तर माणूस शब्द पकडायच्या नादाला लागतो आणि दोन ओळींत कंटाळतो. अनोळखी भाषेत तो आवाजच ऐकतो.

फ्रेंच गायिका एदित पियाफ 1947 मध्ये न्यूयॉर्कला गेली तेव्हा लोकांना पॅरिसचा झगमगाट हवा होता आणि समोर आली साध्या काळ्या झग्यातली छोटीशी बाई. सुरुवातीला सूर जुळले नाहीत. मग व्हर्जिल थॉमसन या संगीत समीक्षकाने वर्तमानपत्रात तिच्याबद्दल भरभरून लिहिलं, ती तिथल्या एका नाइटक्लबात गाऊ लागली आणि पुढे 1956 आणि 1957 मध्ये कार्नेगी हॉलपर्यंत पोचली. काही गाणी तिने इंग्रजीतही गायली, हे खरं. पण लोक जीव टाकत होते ते तिच्या फ्रेंच ‘र’वर.

आता ड्रमरचं म्हणणं. त्याची काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर दोन गाण्यांच्या मध्ये आहे. गा फ्रेंचमध्ये, बोला त्यांच्या भाषेत. आणि अर्थ सांगत बसू नका, एक चित्र द्या. तुमचं चित्र तर तयारच आहे: ‘गोदी बंद झाली, तरी हा माणूस रोज डबा घेऊन फाटकाशी येतो.’ बास. वीस सेकंद. तेवढ्यात गिटारवाला तारा लावून घेईल. आणि हे तुम्ही नका बोलू, गायिकेला बोलू दे. तिचं इंग्रजी अडखळलं तरी चालेल. गाणारीच सांगतेय म्हटल्यावर लोक पुढे सरकतात. ती गप्प का आहे तेही मग आपोआप समजेल, असं मला वाटतं.

क्वेबेकमध्ये गोष्ट वेगळी. तिथे फ्रेंच कळतं, पण ते त्यांचं फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये ‘गॉस’ म्हणजे पोरं. क्वेबेकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ स्टेजवरून उच्चारण्यासारखा नाही. गाण्यात किंवा बोलण्यात हा शब्द असेल तर आधी बघून घ्या. त्यांच्या उच्चारांची नक्कल मात्र चुकूनही करू नका, तिथली माणसं त्याने खरोखर दुखावतात.

आणखी एक. तुम्ही कीबोर्ड वाजवता म्हणून विचारतो, जुना हॅमंड ऑर्गन वगैरे नेताय का? फ्रान्समध्ये 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. क्वेबेकमध्ये 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. हॅमंडमधली सूर काढणारी चाकं विजेच्या हर्ट्झवर फिरतात, त्यामुळे इथला ऑर्गन तिथे जवळजवळ तीन स्वर (काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या) चढा वाजेल. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. डिजिटल कीबोर्ड असेल तर अडॅप्टरवर 100–240 छापलंय का तेवढं बघा.

तिसऱ्या रांगेतली

मी फक्त ऐकणारी. मला फ्रेंच येत नाही, तरी वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत नाही. फिनिक्स, एअर हे दोन्ही बँड व्हर्सायचे, गातात बहुतेक इंग्रजीत. फिनिक्सला तर 2010 मध्ये ग्रॅमी मिळालं. फ्रेंच मेटल बँड गोजिरासुद्धा इंग्रजीतच गातात आणि जगभरचे मेटलवाले त्यांना डोक्यावर घेतात. इंग्रजीने त्यांचं काय बिघडलं?

मिक्सरमागचा

काहीच बिघडलं नाही. पण त्यांनी गाणी इंग्रजीत *लिहिली*. चाल बांधतानाच तोंडात इंग्रजी होतं. फ्रेंच गाणं सोलून त्याला इंग्रजी साल चढवणं वेगळं. फ्रेंच गायक शार्ल अझ्नावूरचं 1974 मधलं जे गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेही मुळात इंग्रजीतच लिहिलेलं. त्याची फ्रेंच आवृत्ती नंतरची.

आणि गोजिराचंच बघा. 26 जुलै 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात ते काँसिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांबाहेर उभे राहून वाजवत होते आणि गाणं होतं फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं, फ्रेंचमध्ये. अर्थ न समजणाऱ्यांनीही ते पुन्हापुन्हा पाहिलं. 2025 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं ते त्याच गाण्यासाठी.

नांतचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1992 मध्ये मानो नेग्रा हा फ्रेंच बँड जहाजातून लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. बरोबर नांतची रॉयाल द ल्यूक्स ही पथनाट्य मंडळी होती आणि जहाजाच्या पोटात त्यांनी नांतचा एक रस्ता उभा केला होता. बंदरात जहाज लागलं की लोक आत येऊन तो रस्ता बघायचे. पुढच्याच वर्षी त्या बँडचा गायक मानू चाओ आणि मंडळी कोलंबियात जुन्या रेल्वेमार्गाने, गावागावांत थांबत, सांता मार्ताहून बोगोताच्या दिशेने गेली. त्यांची गाणी फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी अशी सरमिसळ होती. तीही त्यांची रोजची बोली म्हणून, कुणाला कळावं म्हणून बेतलेली नाही. तुमच्या गायिकेच्या गोदीला मी म्हणूनच जपा म्हणतोय.

सही-शिक्का

भाषेचं चालू द्या, मी कागदांचं सांगते, कारण दौरे सीमेवर अडतात ते कागदांपायी.

इंग्लंडसाठी तुमच्या फ्रेंच साथीदारांना आता पासपोर्ट आणि ईटीए (निघण्याआधी ऑनलाइन काढायची प्रवास-परवानगी) लागेल, नुसत्या ओळखपत्रावर जमत नाही. तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल तर तुम्हाला मात्र व्हिजिटर व्हिसा काढावा लागेल, म्हणून सगळ्यांत आधी तुमचा अर्ज. दोन्ही क्लबांकडून तारखांचं लेखी निमंत्रण घ्या. कार्यक्रम निघण्याआधी ठरलेले हवेत आणि पोचल्यापासून 30 दिवसांत व्हायला हवेत. कॅनडासाठीही तसंच, त्यांना ईटीए, तुम्हाला व्हिसा.

व्हॅनमधून ड्रम, अँप नेणार असाल तर चेंबर ऑफ कॉमर्सकडून एटीए कार्ने (सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद) काढा. ते एक वर्ष चालतं. प्रत्येक वस्तू नंबरासकट लिहायची. निघताना फ्रान्सच्या कस्टमचा शिक्का घ्यायला विसरू नका. आमच्या बँडचा तो एक शिक्का राहिला होता, त्यापायी परतल्यावर तीन महिने पत्रव्यवहार चालला. विकायच्या टी-शर्टांना कार्ने लागू होत नाही, त्यांची वेगळी नोंद करा. आणि कुणाची जुनी गिटार ब्राझिलियन रोजवुडची, म्हणजे संरक्षित लाकडाची असेल तर ती सरळ घरी ठेवा.

काळीपांढरी

सगळ्यांचे खूप आभार. काल सरावाला मी भाषांतरांची वही उघडलीच नाही. गायिकेला फक्त डब्याचं ते वाक्य इंग्रजीत लिहून दिलं. तिने ते दोनदा मनात वाचलं आणि म्हणाली, ‘डबा लोखंडी होता, तेही सांगू का? माझ्या आजोबांचा होता.’ आम्हा चौघांना हे माहीतच नव्हतं. ड्रमरने स्वतःहून पहिल्या कडव्यातला ड्रम काढून टाकलाय.

हॅमंड नाही माझ्याकडे, अडॅप्टर बघितला, 100–240 आहे. व्हिसाचा अर्ज आज भरतेय.