परदेशात अल्टरेशनचं काम: मैत्रिणींची भिशी घेऊन सुरू करू का?

उसवण
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही परदेशात आलो. शिवणकामाचा डिप्लोमा आहे, हातही बसलेला आहे. इथल्या भाषेच्या क्लासमध्ये निरनिराळ्या देशांतून आलेल्या बायकांशी ओळख झाली. एकीच्या मुलीच्या जाकिटाची चेन बदलून दिली, आणि तेव्हापासून कुणाची पँट लांब, कुणाचा ड्रेस सैल, असं काम येतच राहिलंय. आता सगळ्या मागे लागल्यात की रीतसर सुरू कर. माझं घरगुती मशीन जीन्सच्या जाड शिवणीवर अडतं, म्हणून इंडस्ट्रियल मशीन आणि ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधणारं मशीन) हवं. त्यासाठी बारा जणींची भिशी लावू, पहिला नंबर तुला, असं त्यांचं म्हणणं. बँकेने इथली क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून आधीच वाटाण्याच्या अक्षता लावल्यात. घ्यावा का नंबर? आणि ज्यांचे पैसे घेणार त्यांच्याकडूनच शिलाई कोणत्या तोंडाने मागायची?

आधी_कागद
देश लिहिला नाहीत, आणि सगळं त्यावरच अडलंय. अमेरिकेत नुसत्या एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, मिळतं. ते हातात असेल तर स्वतःचा व्यवसायही चालतो. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला स्वयंरोजगाराची मुभा आहे. जर्मनीत रेसिडन्स कार्डावर कामाची परवानगी काय लिहिली आहे ते बघा, आणि सुरू करण्याआधी व्यवसायाची नोंदणी करावीच लागते. "मैत्रिणींचंच तर काम आहे" हे कुणी ऐकून घेत नाही. पैसे घेतले की तो धंदा.

कात्री
मी परदेशातच अल्टरेशन करते. सोबतीला सोमालियाची एक आणि मेक्सिकोची एक आहे. कागदांचं वर आलंय ते बरोबर आहे, ते आधी उरक.

आता भिशी. जरूर लाव, पण पहिला नंबर घेऊ नकोस. सोमाली बायकांचा अयुतो, मेक्सिकोतली तांदा, इथिओपियाची इकुब, घानातली सुसू, सगळीकडे हिशेब तोच. दरमहा सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची आणि एकीने ती उचलायची. व्याज नाही. म्हणजे पहिलीला बिनव्याजी कर्ज मिळतं आणि शेवटची फक्त बचत करते. भीती एकाच गोष्टीची: रक्कम उचललेली बाई मध्येच देश सोडून गेली तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं? बहुतेक ठिकाणी कागद नसतोच, सगळा तोंडी व्यवहार. म्हणून आमच्याकडे एक रिवाज आहे: भिशी संपायच्या आत जिचा व्हिसा संपतो तिला मागचे नंबर. तुझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. त्याची नोकरी गेली तर? त्या बायका प्रेमाने देतायत म्हणून तर तू जास्त जपायचं.

आणि भिशी कितीही इमानाने भरलीस तरी बँकेला ती दिसत नाही. अमेरिकेत असशील तर सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन ॲसेट फंड या संस्थेची चौकशी कर. ते भिशीसारखेच गट चालवतात, पण कागदावर, आणि भरलेले हप्ते क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवतात. ग्रामीण अमेरिका नावाची संस्था २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. तिथे पाच जणींचा गट करून बायकांना छोटी कर्जं देतात.

शिलाईचं म्हणशील तर दरपत्रक करून भिंतीला लाव. भिशीतल्या बाईला सूट नाही. ते पैसे तिला तिच्या नंबरावर परत मिळणारच आहेत, उपकार कसले! लोकांना काम किती आहे ते दिसत नाही, हे मात्र खरं. कोटाची बाही "थोडीशी" आखूड करायची म्हणतात. मनगटाची बटणं नुसती शोभेची असतील तर खालून जमतं. पण काजं खरोखर कापलेली असतील तर खालून कापायला जागाच नाही. बाही खांद्यातून उसवायची, अस्तर सोडवायचं, वरून कापायचं आणि झोळ न येऊ देता परत बसवायची. मी गिऱ्हाइकासमोर बाही उलटी करून दाखवते. मग घासाघीस आपोआप थांबते.

मैत्रिणींची खरी मदत पैशापेक्षा दुसरीकडे घे. जिला इथली भाषा चांगली येते तिला भाडेकरार वाचायला लाव, घरात गिऱ्हाईक आणलेलं चालतं का ते त्यात असतं. विम्याचा फॉर्मही तिच्याकडूनच भरून घे. कुणाचा लग्नाचा ड्रेस इस्त्रीखाली जळला तर काय करशील? कुणी माप घेण्याच्या वेळेपुरतं मूल सांभाळेल. आणि एकीला बरोबर घेऊन ड्रायक्लीनरांकडे जा, त्यातले बरेच जण अल्टरेशन बाहेर देतात. ओळखीच्या बायकांच्या पँटी कधीतरी संपतातच!

उलट_टाका
मला हे सगळं पटत नाही. ओळखीत पैसा आला की ओळख जाते. आमच्या ग्रुपमध्ये भिशीवरून दोघींचं बोलणं बंद झालं, आणि बाकीच्यांना दोन वेगळे वाढदिवस करावे लागतात. हळूहळू साठवून घे गं मशीन.

कात्री
@उलट_टाका, तुमच्या भिशीत नंबर कसे ठरले होते? चिठ्ठ्या टाकून, की एकीने ठरवून? आमच्याकडे सगळे नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहून सह्या घेतात. अदलाबदल करायची तर दोघींनी मिळून सांगायचं. भांडणं तरी होतात, पण वहीवरून होतात.

उसवण
सगळ्यांचे आभार. कामाची परवानगी आहे, ते बघितलं होतं. व्हिसा मात्र भिशीच्या मध्यावरच रिन्यू व्हायचाय. म्हणजे मला शेवटचाच नंबर! तोवर जीन्सचं काय करू? तीच सगळ्यात जास्त येतात.

कात्री
शेवटचा कशाला, रिन्यू होऊन आलं की पुढचा माग, पण तसं आधीच वहीत लिहून घे. तोवर शंभर-सोळा (१००/१६) नंबरची जीन्सची जाड सुई लाव. जिथे शिवणीवर शिवण येते तो भाग फडक्यात गुंडाळून हातोडीने ठोक, जाडी बसते. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर चढून तिरका होतो म्हणून टाका अडतो; त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकव म्हणजे फूट सपाट राहील. तेवढे टाके पायाने नको, चाक हाताने फिरवून काढ. आणि ओव्हरलॉक आत्ता नकोच, झिगझॅगवर भागतं. आधी सेकंडहँड सरळ टाक्याचं इंडस्ट्रियल बघ, आणि घेताना मोटर क्लचची आहे की सर्व्होची ते विचार. क्लचवालीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो.