कादंबरी मिटून ठेवली आणि मालिका आवडली

डर्क जेंटली या गुप्तहेरावरची 'डर्क जेंटली' ही २०१६ची मालिका इंग्रजी लेखक डग्लस ॲडम्स यांच्या १९८७च्या कादंबरीशी जुळत नाही, म्हणून ती फसली, असे आपण म्हणता. ती जुळत नाही, हा आपला आक्षेप खरा आहे. पण म्हणून ती फसली, हे मला पटत नाही. पहिल्या वेळी मीही प्रत्येक प्रसंग कादंबरीशी ताडून पाहत होतो आणि दोन भागांतच कंटाळलो. दुसऱ्यांदा पाहताना ती अपेक्षा सोडली, तेव्हा लक्षात आले की कथानक अमेरिकेतल्या सिएटल शहरातले आणि नवे असले, तरी जगातील साऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत हा डर्कचा मूळ विश्वास मालिकेने जिवापाड जपला आहे. कादंबरीत नसलेली बार्ट, जी दैव नेईल तिकडे जाऊन माणसे मारते, ती त्याच विश्वासाची भयंकर बाजू आहे. मला तर तीच सर्वाधिक आवडली.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात, विशेषतः गोकाककडे, 'कृष्ण पारिजात' हे कन्नड लोकनाट्य रात्रभर रंगते. सत्यभामेची कथा सर्वांना पाठ असते, तरीही प्रेक्षक पुराणाची पोथी उघडून बसत नाहीत. गवळण आज काय बोलते, याकडेच त्यांचे कान असतात. या मालिकेचे पहिले आठ भाग आपण तसेच एकदा पाहावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.