अनुभव धागा: रोजच्या कपड्याचं चित्र

नाशिकमधल्या एका चित्रप्रदर्शनात पेन्सिलीनं काढलेला शर्ट पाहिला. पांढरा, बाह्या दुमडलेला, खुंटीला टांगलेला. पांढऱ्यासाठी नुसता कागद कोरा सोडलाय, सगळी मेहनत सावल्यांत. शेजारचा रंगीत गोदाघाट सोडून लोक याच्यापुढेच रेंगाळत होते. असं चित्र तुम्ही पाहिलं किंवा काढलं असेल तर लिहा. 'छान आहे'वर भागवू नका, नक्की काय आवडलं ते सांगा.

*

मी पंचवटीत शिवणकाम करतो. तो शर्ट मीही पाहिला, आधी काजं बघितली. पुढच्या पट्टीवरची उभी, गळ्याचं तेवढं आडवं. बरोब्बर! गळ्याला ताण आडवा बसतो, आडव्या काजात बटण जरा सरकतं पण सुटत नाही. डावी पट्टी वर, तेही बरोबर. बगलेतला जोड मात्र गाळलाय राव.

*

मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांना वस्तुचित्रासाठी मागे कापड लावून दिलं की सुरकुती दिसेल तिथे काळी रेघ ओढतात. मी म्हणते, कापड कुठे अडकलंय आणि कुठे लोंबतंय ते आधी शोधा. सुती घडी टोकदार मोडते, जाड लोकरीची गोल वळते. 2बी पेन्सिल हलक्या हातानं, जास्त काळी 6बी फक्त खोल खाचेत. लिओनार्दो म्हणे मातीच्या पुतळ्यांवर चिकणमातीत बुडवलेली कापडं पांघरायचा, घड्या हलू नयेत म्हणून; त्याचा चरित्रकार वासारीनं तसं लिहून ठेवलंय. मी वर्गातला पंखा बंद करते. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलं मनात काय म्हणत असतील ते विचारू नका.

*

माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. भाचीनं अण्णांची कोपरी, म्हणजे खिशाची बंडी, काढली. बोर्डो हे बुरशीनाशक फवारून तिच्यावर मोरचूद-चुन्याचे डाग बसलेत, कितीही धुवा. पेन्सिलीत निळा कुठून आणणार? पोरीनं तेवढ्या जागी कापड कडक दाखवलं, आजूबाजूच्या चुण्या तिथे येऊन थांबतात. एका बाजूचा खिसा पान-तंबाखूच्या चंचीच्या वजनानं ओघळलेला. आईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, ही धुवायला टाकायची राहिली वाटतं!"

*

हुबेहूबपणाचं मला फारसं कौतुक नाही, त्यासाठी फोन आहे. पण ताई, ती कोपरी इथे टाका ना. डाग रंगाशिवाय कसे दाखवलेत ते बघायचंय.